घटनाकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर

आमच्या या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. आजवर ही चरित्रे बहुतांशी आमच्याच ज्ञातीत जन्मलेल्या कर्तबगार व्यक्तींची असत. यंदा संपादक मंडळाने तो प्रघात मोडून डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र द्यावयाचे ठरविले, तेव्हा मंडळातील एका वयोवृद्ध सभासदांनी साहजिकच प्रश्न केला की, ज्या पुरुषाने जातिभेदाचे मूळच उखडून टाकावे असे जन्मभर सांगितले, त्याचे चरित्र एका ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत कोणत्या नात्याने यावयाचे? प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आम्हांस त्या बैठकीत देता आले नाही. तथापि ज्या राज्यघटनेच्या १९व्या कलमाने आम्हांस मंडळ स्थापण्याचा, सभा भरविण्याचा व ही स्मरणिका छापण्याचा हक्क दिला, ती घटना कशी घडली व ती घडविणारा पुरुष कोणत्या वाटेने तेथवर पोहोचला, हे आपल्या मुलाबाळांस माहीत असावे, एवढ्यावर सर्वांचे एकमत झाले. त्या वयोवृद्ध सभासदांनीही संमती दिली. त्यांची एकच अट होती, की जे खरे असेल ते सौम्य न करता लिहावे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. ते कबीरपंथी, व्रतस्थ व मुलांच्या विद्येविषयी विलक्षण दक्ष असे गृहस्थ होते. आई भीमाबाई मुलाच्या लहानपणीच वारल्या. पुढे कुटुंब साताऱ्यास आले व तेथील सरकारी शाळेत १९०० साली भीमरावांचे नाव दाखल झाले. शाळेत बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी मिळावयाचे. शिपाई जागेवर नसला म्हणजे तहानलेलेच राहावयाचे.

या काळातील एक प्रसंग त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. सन १९०१च्या सुमारास वडील कोरेगाव येथे नोकरीस असताना भीमराव, त्यांचे बंधू व भाचरे अशी मुले उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्याकडे जावयास निघाली. नवे कपडे, आगगाडीचा प्रवास, असा मोठा आनंदाचा थाट होता. मसूर स्टेशनावर ती उतरली, पण पत्र न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तराने प्रथम आपुलकीने चौकशी केली. मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले मिळेनात. अखेर एकाने दुप्पट भाडे घेऊन गाडी दिली, तीही मुलांनीच हाकावी व आपण बाजूने चालावे या बोलीवर. रात्री जकातनाक्यावर मुक्काम पडला. शिदोरी भरपूर होती, पण पाणी कोणी देईना. म्हणून अन्न जवळ असता मुलांस उपाशी निजावे लागले. तो मुलगा त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. घटनेच्या १५व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व उपाहारगृहे यांचा जो नावानिशी उल्लेख आहे, तो परदेशी घटना वाचणाऱ्यांस चमत्कारिक वाटतो. एवढ्या थोर ग्रंथात विहिरीचे काय काम, असे त्यांच्या मनात येते. आपल्या मुलुखात वाढलेल्यांस मात्र ते विचारण्याची गरज पडत नाही. मावळात व खेड तालुक्यात पाणवठे वेगळे होते हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे. आणि ते वेगळे ठेवणाऱ्यांत आमच्या ज्ञातीतील मंडळीही होती, हे येथे नमूद करावयास आम्हांस संकोच वाटतो, पण नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक व १९१२ साली बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावे लागले व कराराप्रमाणे बडोद्यास नोकरी धरावी लागली. पण एवढ्या पदव्या घेऊन आलेल्या अधिकाऱ्यास त्या राजधानीत राहावयास बिऱ्हाड मिळाले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात काही काळ अध्यापन करून, काटकसरीने पैसे साठवून, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले; डी. एस्सी. ही पदवीही त्यांस त्याच वर्षी मिळाली.

त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहिताना पदव्यांची माळ गुंफण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो आम्ही टाळतो. त्या विद्येचा विषय काय होता हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडनचा प्रबंध प्रसिद्धच आहे. परंतु कोलंबियात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा विषय अभ्यासिला व त्यावरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी १८३३ पासून कशी होत गेली, याचे ते बारकाईचे विवेचन आहे. केंद्र सरकार व घटक राज्ये यांचे अधिकार कसे विभागावेत, कर कोणी बसवावा व पैसा कोणास मिळावा, हे प्रश्न पुढे घटना समितीपुढे आले तेव्हा मसुदा समितीचा अध्यक्ष या विषयाचा पंचवीस वर्षांचा जाणता होता. दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमून उत्पन्नाची वाटणी ठरवावी, ही २८०व्या कलमातील तरतूद वाचताना आम्हांस या ग्रंथाची आठवण होते.

आता घटनेच्या उगमाकडे वळू. भारताची राज्यघटना १९४६ साली लिहावयास प्रारंभ झाला हे खरे असले, तरी तिचे झरे त्याआधी तीस वर्षे वाहात होते आणि त्यांतील प्रत्येक मुख्य टप्प्यावर आंबेडकर स्वतः उपस्थित होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या वेळी मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती आली. तिच्यापुढे जानेवारी १९१९ मध्ये २७ वर्षांच्या या प्राध्यापकाने साक्ष दिली. त्या वेळी मत देण्याचा अधिकार मालमत्ता व करभरणा यांवर मोजला जात असे. ज्यास जमीन धारण करू दिली नाही, व्यापार करू दिला नाही व शाळेत बसू दिले नाही, त्याच्याजवळ मालमत्ता कोठून यावी, आणि मालमत्ता नाही म्हणून त्यास मत नाही हा कोणता न्याय, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. पुढील वर्षी ३१ जानेवारीस, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने, त्यांनी मूकनायक हे पत्र काढले. त्याच्या शिरोभागी तुकोबारायांचा अभंग छापलेला असे. आमच्या देहूचा वाणी मुंबईच्या परळात निघालेल्या पत्राच्या कपाळी झळकला, याचा आम्हां या भागातील लोकांस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी.

सन १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला व त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. हे दोन प्रसंग अनेकदा लिहिले गेले असल्याने त्यांची पुनरुक्ती करीत नाही. घटनेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग पुढील वर्षाचा आहे, आणि तो आपल्या पुणे शहरात घडला. सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार घातला असताना डॉ. आंबेडकरांनी २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यास त्याच्यापुढे साक्ष दिली. या साक्षीबद्दल त्यांस त्या काळी पुष्कळ बोल लावण्यात आले. मात्र त्यांनी तेथे मागितले काय, हे बोल लावणारांनी फारसे पाहिले नाही. त्यांची मुख्य मागणी होती ती प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताधिकार मिळावा ही. शिकलेला असो वा अडाणी, जमीनदार असो वा भूमिहीन, सर्वांना मत. त्या काळी देशातील पुष्कळ प्रागतिक पुढाऱ्यांसही ही मागणी धाडसाची वाटत होती.

यानंतर १९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदा भरल्या व तेथे ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून गेले. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले व त्यांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या. प्रांतिक विधिमंडळांतील या जागांची संख्या ७१ वरून १४८ झाली. या करारात कोणी कोणास काय दिले यावर अद्याप वाद चालतो. आमचे मत असे की, एका बाजूस महात्म्याचे प्राण व दुसऱ्या बाजूस आपल्या लोकांचा हक्क अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने सही करताना जे सोसले असेल, त्याची कल्पना बाहेरच्यांनी करू नये. घटनेतील राखीव जागांची ३३० व ३३२ ही कलमे त्या येरवड्याच्या करारातूनच उतरली आहेत. आणि येरवडा येथून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे आहे.

पुढे १९३५चा कायदा आला. त्यानुसार झालेल्या निवडणुकीत १९३७ साली ते मुंबई विधानसभेत निवडून आले व कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आमच्या वाचकांपैकी निम्म्याहून अधिक मंडळींचे पोट पिंपरी, भोसरी, आकुर्डी व चाकण येथील कारखान्यांवर चालते, म्हणून हा भाग जरा थांबून सांगावासा वाटतो. कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती १९४६ साली झाली, ती याच खात्याच्या कामाचे फळ. मालक, मजूर व सरकार या तिघांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावेत ही परिषदांची पद्धत त्यांच्या कारकीर्दीत रुजली. पाळी संपल्याचा भोंगा होताच आपण यंत्रापासून दूर होतो व घरच्या वाटेला लागतो. त्या भोंग्याची वेळ ठरविण्यात ज्यांचा हात होता त्यांत घटनाकार हेही एक होते, हे आपल्यापैकी कितीजणांस माहीत असेल?

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीस भरली. मुंबई प्रांतातून निवडून येण्यास वाट नसल्याने डॉ. आंबेडकर बंगाल प्रांतातून समितीवर आले होते. नंतर देशाची फाळणी झाली व त्यांची ती जागा गेली. त्या वेळी मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मोकळ्या झालेल्या जागेवर काँग्रेसने त्यांस जुलै १९४७ मध्ये निवडून आणले. ज्या पक्षाशी त्यांनी वीस वर्षे वाद घातला होता, त्याच पक्षाने हे केले, हे दोन्ही बाजूंस भूषणावह होय. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री झाले व २९ ऑगस्टला नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. घटना एकट्या बाबासाहेबांनी लिहिली असे काही भाषणांतून सांगितले जाते, तर ती इतरांच्या मसुद्यावरून उतरविली असे काही कुत्सित लोक म्हणतात. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. मूलभूत हक्क, केंद्राचे अधिकार, प्रांतांची रचना इत्यादी विषयांवर घटना समितीच्या निरनिराळ्या उपसमित्यांनी निर्णय घेतले. त्यांवरून घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी पहिला मसुदा ऑक्टोबर १९४७ मध्ये सिद्ध केला. मसुदा समितीने तो पारखून, पुष्कळ बदलून फेब्रुवारी १९४८ मध्ये नवा मसुदा सादर केला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुन्शी अशी मातब्बर माणसे समितीत होती. तथापि सातांपैकी एक सभासद वारले, एकाने समिती सोडली, कोणी परदेशी तर कोणी राज्यकारभारात गुंतलेले, असे होऊन कामाचे ओझे अखेर अध्यक्षांच्याच शिरावर आले, हे समितीचेच एक सभासद टी. टी. कृष्णमाचारी यांनी भर सभागृहात मान्य केले. स्वतः बाबासाहेबांनी मात्र शेवटच्या भाषणात श्रेय वाटताना नरसिंग रावांस व मुख्य मसुदा-लेखक एस. एन. मुखर्जी यांस पुढे केले. मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या; त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मसुद्यावर एकूण ११४ दिवस विचार चालला. बहुतेक दिवशी उत्तर देण्यास उभे राहावयाचे ते बाबासाहेबांनी. मधुमेहाने व संधिवाताने शरीर पोखरलेले असता त्यांनी हे केले. १९३५ साली पत्नी रमाबाई निवर्तल्यानंतर १९४८ च्या एप्रिलमध्ये त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला होता. पुढे माई म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांची प्रकृती सांभाळली.

या घटनेची बांधणी थोडक्यात सांगावयाची तर ती अशी. भारत हा राज्यांचा संघ आहे, आणि तो राज्याराज्यांत करार होऊन झालेला नसल्याने कोणत्याही राज्यास त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. कायदे करण्याचे विषय सातव्या परिशिष्टात तीन याद्यांत विभागले गेले. मूळ घटनेत संघाच्या यादीत ९७, राज्यांच्या यादीत ६६ व समाईक यादीत ४७ विषय होते. नागरिकत्व मात्र एकच. महाराष्ट्राचा वेगळा व बंगालचा वेगळा असा नागरिक नाही. राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख. पण राज्यकारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो व मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असते. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत का घेतली नाही याचे उत्तर ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी असे दिले की, सरकार स्थिर असणे व सरकार जबाबदार असणे ही दोन्ही एकदम पुरेपूर साधत नाहीत. अध्यक्षीय पद्धतीत सरकारचा जाब ठराविक मुदतीने, म्हणजे निवडणुकीच्या वेळी विचारला जातो. संसदीय पद्धतीत तो प्रश्नोत्तरे, ठराव व अविश्वास यांच्या द्वारे रोज विचारता येतो. त्यांनी स्थैर्यापेक्षा जबाबदारी अधिक पसंत केली.

तिसऱ्या भागातील मूलभूत हक्कांत १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली गेली. घटना समितीने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केले. हक्कावर घाला आला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागावयाची सोय ३२व्या कलमात आहे, व हेच कलम त्यांस सर्वांत मोलाचे वाटे. कारण उपाय नसलेला हक्क हा कागदाचाच तुकडा होय. न्यायालये, लोकसेवा आयोग, महालेखापाल व निवडणूक आयोग ही सरकारच्या मर्जीबाहेर ठेवली गेली. निवडणूक आयोगाची हकीगत विशेष बोधप्रद आहे. प्रथम प्रत्येक राज्यासाठी निराळा आयोग असावा असे योजिले होते. परंतु काही प्रांतांत भिन्न भाषेच्या वा भिन्न वंशाच्या लोकांची नावे मतदारयाद्यांतून गाळली जात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः दुरुस्ती मांडून साऱ्या देशासाठी एकच आयोग करविला. १९१९ साली ज्याने मताचा हक्क मागितला होता, त्याने तीस वर्षांनी मतदारयादीतले नाव कोणी पुसू नये याचीही तजवीज केली. ३२६व्या कलमाने २१ वर्षांवरील प्रत्येकास मत मिळाले (पुढे १९८९ मध्ये ही मर्यादा १८ वर्षांवर आली) आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली.

सर्वच गोष्टी त्यांच्या मनासारख्या झाल्या नाहीत. मुख्य उद्योगधंदे सरकारी मालकीचे असावेत व शेतजमीन सरकारने घेऊन सामुदायिक पद्धतीने कसावयास द्यावी, हे घटनेतच लिहून टाकावे असा आग्रह त्यांनी १९४७ साली एका निवेदनात धरला होता. तो घटनेत आला नाही. त्याची छाया मार्गदर्शक तत्त्वांत दिसते. खेडेगाव हा घटनेचा पाया असावा असे म्हणणाऱ्यांशी तर त्यांचे चांगलेच वाजले. खेडे म्हणजे अज्ञान, संकुचितपणा व जातीयतेचे आगर, असा त्यांचा अनुभव होता. तरीही ग्रामपंचायतींविषयीचे ४०वे कलम घालण्याची सूचना सभागृहात आली तेव्हा त्यांनी ती मान्य केली. खेड्याविषयी ते फार कठोर बोलले असे आम्हांस पूर्वी वाटे. मसूरच्या गाडीची हकीगत वाचल्यावर तसे वाटेनासे झाले.

अखेरचे भाषण २५ नोव्हेंबर १९४९ चे. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली व २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली. त्या वेळी तिच्यात ३९५ कलमे व ८ परिशिष्टे होती. विजयाच्या त्या क्षणी त्यांनी विजयाचे भाषण केले नाही. राजकारणात प्रत्येकाला एक मत व प्रत्येक मताचे मोल सारखे, पण समाजात व संपत्तीत मात्र विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत व ती लवकर दूर न केल्यास जे पीडित आहेत ते ही इमारत उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला. जाती या समाजजीवनात फूट पाडतात व परस्परांत मत्सर पेरतात म्हणून त्या राष्ट्रविघातक आहेत, असेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. बंधुता हा शब्द उद्देशपत्रिकेत मसुदा समितीने घातला, त्याचा अर्थ त्या भाषणाच्या उजेडात वाचावयाचा आहे. वयोवृद्ध सभासदांच्या अटीप्रमाणे हे वाक्य आम्ही सौम्य केलेले नाही.

पुढील काळ निराशेचा होता. हिंदु स्त्रीस वारसा, घटस्फोट इत्यादी हक्क देणारे हिंदु कोड बिल रखडल्यामुळे त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. प्रौढ मतदानाने झालेल्या पहिल्याच निवडणुकीत, म्हणजे त्यांनीच मिळवून दिलेल्या मताने, मुंबईत त्यांचा पराभव झाला. तो त्यांनी निमूटपणे स्वीकारला व राज्यसभेत बसून काम केले.

या वर्षांतच आमच्या मुलुखाशी त्यांचा निकट संबंध आला. तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला होता. शहराच्या गजबजाटातून निघून ते तेथे विश्रांतीस व लेखनास येत. आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी, ब्रह्मदेशातील बौद्ध परिषदेहून परतल्यावर, त्यांनी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची आपल्या हस्ते स्थापना केली. महाडच्या त्या दहनास त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षे झाली होती. देहूरोड ही तेव्हा लष्करी छावणी व तेथील कष्टकऱ्यांची वस्ती. शेजारी पिंपरीस त्याच वर्षी पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची कंपनी स्थापन झाली होती; बाकी चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचे देवस्थान आणि चाकण म्हणजे कांद्याची पेठ व पडका किल्ला, एवढीच या भागाची ओळख. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली व महानगरपालिका १९८२ साली व्हावयाची होती. त्या माळरानावर बाबासाहेबांनी केलेले भाषण ऐकलेली माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. भाषण काय झाले हे त्यांस सांगता येत नसे, पण आपण कोठे उभे होतो ती जागा ती बरोबर दाखवीत.

दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील अलीपूर रस्त्यावरील निवासस्थानी झोपेतच त्यांचे निर्वाण झाले. मुंबईस दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर घटनेत शंभराहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत. पण १७वे, ३२वे व ३२६वे ही कलमे उभीच आहेत.

आता वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे परत येतो. चिंचवड येथे आपल्या मंडळाचे विद्यार्थी-वसतिगृह आहे व त्याच्या नियमावलीत प्रवेश फक्त ज्ञातीतील मुलांपुरता मर्यादित आहे. तीन वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या मुलाचा अर्ज या नियमावर बोट ठेवून परत करण्यात आला. त्या वर्षी वसतिगृहात चार खाटा रिकाम्या होत्या. कायद्याने असा नियम ठेवता येतो की नाही हे वकिलांनी सांगावे, आम्ही त्यात पडत नाही. हे चरित्र लिहून झाल्यावर मात्र सदर नियम रद्द करावा असा ठराव संपादक मंडळाने वार्षिक सर्वसाधारण सभेकडे पाठविला आहे. ठरावावर पहिली सही त्या वयोवृद्ध सभासदांची आहे. सभेची तारीख व वेळ स्मरणिकेच्या मलपृष्ठावर दिली असून मतदान गुप्त पद्धतीने, प्रत्येक सभासदास एक मत याप्रमाणे होईल.